शाहिराची निवड : बार्ड, कलगी-तुरा आणि फड

ऑनलाइन भूमिका-खेळ प्रथमच सुरू करणाऱ्या व्यक्तीला खेळाचे जग लगेच दिसत नाही. त्याआधी तिला काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पात्राचा वंश कोणता, वर्ग कोणता, नाव काय? वर्ग म्हणजे त्या पात्राचे खेळातील कार्य. योद्धा, वैद्य, जादूगार, चोर असे हे वर्ग असतात आणि बऱ्याच खेळांत त्यांच्या जोडीला बार्ड, म्हणजे गाणारा, असतो. खेळात थोडी मजल मारल्यावर आणखी एक प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे कोणत्या गिल्डमध्ये जायचे. गिल्ड म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा बांधलेला संघ. हा शब्द मोबाइलवरील खेळांमुळे ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्याही तोंडी रुळला आहे. प्राध्यापकवर्गाच्या तो कानावर पडत असला तरी विचारात क्वचितच येतो.

गाणाऱ्याने आपला वर्ग निवडावा आणि नंतर आपला संघ निवडावा, ही कल्पना मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. मराठी शाहिराला पक्ष होता आणि फडही होता. कलगीवाला व्हायचे की तुरेवाला, कोणत्या गुरूचा गंडा बांधायचा, कोणाच्या फडात उभे राहायचे, हे प्रश्न त्याच्यापुढेही होते. प्रस्तुत लेखात खेळातील हे दोन प्रश्न मराठी शाहिरी परंपरेला विचारून पाहिले आहेत. खेळ आणि शाहिरी यांत साम्य आहे एवढेच दाखवून थांबण्यात अर्थ नाही, कारण साम्य शोधू गेल्यास कशातही सापडते. या तुलनेचा उपयोग दुसरा आहे. शाहीर आणि तमाशा कलावंत यांच्याविषयी लिहिताना मराठी समीक्षा 'त्याने शाहिरी पत्करली', 'ती तमाशाकडे वळली' अशी वाक्ये सहज लिहून जाते. या क्रियापदांत निवड गृहीत धरलेली असते. ही निवड कोणाला होती, कोणाला नव्हती आणि ज्याला होती त्याने तिची किंमत काय मोजली, हा तपशील मात्र क्वचितच तपासला जातो.

गाणाऱ्याचा वर्ग

बार्ड हा शब्द केल्टिक भाषांतील. प्राचीन आयर्लंडमध्ये फिली आणि बार्ड असे दोन प्रकारचे कवी मानले जात आणि त्यांत फिलीचा दर्जा वरचा होता. खेळांतील बार्ड मात्र फार अलीकडचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळण्याचा भूमिका-खेळ प्रसिद्ध केला. त्यात बार्ड नव्हता; तो १९७६ मध्ये 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेतून आला. १९७८ च्या सुधारित नियमपुस्तकात त्याला परिशिष्टात जागा मिळाली, आणि तीही एका विलक्षण अटीवर. बार्ड म्हणून खेळ सुरू करता येत नसे. आधी योद्धा व्हायचे, मग चोर व्हायचे, आणि या दोन्ही अवस्थांतून ठरलेल्या पायऱ्या पार केल्यानंतरच ड्रुइडांच्या, म्हणजे केल्टिक पुरोहितांच्या, हाताखाली बार्ड व्हायचे. गाणारा होण्यासाठी आधी बरेच काही होऊन यावे लागते, ही त्या नियमामागील समजूत होती.

ऑनलाइन खेळांनी ही अट काढून टाकली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये बार्ड पहिल्याच पडद्यावर निवडता येऊ लागला. या खेळातील बार्डचे सामर्थ्य पाहण्यासारखे आहे. तो एकटा फारसा भारी नसतो; परंतु त्याच्या गाण्याने सोबतच्यांचा वेग वाढतो, त्यांची खर्च झालेली शक्ती भरून येते, शत्रूचा जोर ओसरतो. म्हणजे त्याचे गाणे संघात असतानाच खऱ्या अर्थाने फलद्रूप होते. २००३ मध्ये आलेला 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' हा खेळ याहून पुढे गेला. त्यात गायक-नर्तकांचा एक स्वतंत्र व्यवसायच होता. लढून आलेल्या पात्रांना जो शीण येई तो औषधाने जात नसे. त्यासाठी गुत्त्यात जाऊन कलावंतांचे नृत्य पाहावे लागे, गाणे ऐकावे लागे. तमाशाचा उगम लष्कराच्या छावण्यांत शोधणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे वाचून पेशवाईतील फौजफाटा आठवल्याशिवाय राहणार नाही. तो खेळ डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला.

इथे आणखी एक तपशील नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचनाचा तो आधार आहे. 'एव्हरक्वेस्ट'च्या आरंभीच्या स्वरूपात बार्ड हा वर्ग सर्वांना खुला नव्हता. ज्याने मानव किंवा अर्ध-एल्फ हा वंश निवडला असेल त्यालाच बार्ड होता येई. बाकीच्या वंशांच्या बाबतीत तो पर्याय पडद्यावर उमटतच नसे. वंश आधी आणि वर्ग नंतर, असा हा क्रम आहे. मौज म्हणून रचलेल्या जगातही निर्मात्यांना ही जन्मसिद्ध मर्यादा स्वाभाविक वाटली, हे लक्षणीय आहे. फरक एवढाच की खेळात वंशही खेळणाराच निवडतो.

कलगी आणि तुरा

शाहीर हा शब्द अरबी 'शाइर'वरून आला. गाणाऱ्यांची परंपरा मात्र महाराष्ट्रात त्याहून जुनी आहे. गोंधळी, भाट, वासुदेव हे जन्माने गाणारे होते. त्यांच्या बाबतीत वर्ग निवडण्याचा प्रश्नच नव्हता, तो वंशासोबतच येत असे. अफजलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास याच वळणाचा मानला जातो. पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरीला जो बहर आला त्यात मात्र निरनिराळ्या जातींची माणसे एका व्यवसायात आलेली दिसतात. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, राम जोशी आणि अनंत फंदी ब्राह्मण. येथे प्रथमच 'निवड' हा शब्द काही अंशी तरी वापरता येतो.

निवडीतील पहिली पायरी पक्षाची होती. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व सांगतात, तुरेवाले शिवाचे. प्रकृती मोठी की पुरुष, माया आधी की ब्रह्म, हा वाद सवाल-जवाबाच्या रूपाने रात्रभर रंगतो. या पंथभेदाची कथा उत्तरेत मध्य प्रदेश-राजस्थानापर्यंत सांगितली जाते. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांचा चंदेरीच्या दरबारात काव्यवाद झाला, राजाने प्रसन्न होऊन एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, आणि पुढे त्यांच्या शिष्यांचे दोन संप्रदाय झाले, अशी ही कथा आहे. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिचा आशय बोलका आहे. एकाच दरबारात, एकाच रसिकाने, दोघांचाही सन्मान केलेला आहे. कोणी हरलेला नाही.

कलगी-तुऱ्याच्या भेदिक कवनांकडे मराठी समीक्षेने बहुधा नापसंतीने पाहिले. ती कूट आहेत, शुष्क आहेत, त्यांत काव्यापेक्षा पुराणांतील आकडेमोडच अधिक आहे, असे आक्षेप घेतले गेले. छापील कवन वाचताना हे आक्षेप खरे वाटतात. परंतु भेदिक हा प्रकार वाचण्याचा नाहीच. पक्ष घेतलेला शाहीर आपले वैयक्तिक मत मांडत नसतो. तो घरी शंकराची पूजा करीत असेल आणि बोर्डावर शक्तीची बाजू लढवीत असेल. त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. पक्ष ही श्रद्धा नसून भूमिका आहे. ती स्वीकारल्यावर त्याला गुरूच्या बाडातील प्रश्नोत्तरांचा साठा मिळतो, विरोधक मिळतो, आणि बोलण्याला प्रयोजन मिळते. समोर तुरेवाला नसेल तर कलगीवाल्याचा कार्यक्रमच उभा राहत नाही. कोकणात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांत आणि मुंबईतील नाट्यगृहांत आजही शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. जाहिरातीत दोन्ही शाहिरांची नावे आमनेसामने छापलेली असतात. एकट्या शाहिराची जाहिरात तिथे शोभणार नाही.

आता पक्ष कसा ठरतो? ज्या गुरूकडे शिष्य गेला त्या गुरूचा पक्ष तो शिष्याचा. गुरू निवडला की पक्ष, फड, बाड, विरोधक हे सारे एकदमच पदरात पडते. ऑनलाइन खेळात वर्ग आणि गिल्ड या दोन स्वतंत्र निवडी आहेत. पहिली सहसा न बदलता येणारी, दुसरी केव्हाही सोडता येणारी. शाहिरीत त्या दोन्ही एकाच गाठीने बांधलेल्या होत्या. बार्ड आधी व्हायचे आणि संघ मग शोधायचा, ही चैन मराठी शाहिराला नव्हती. तो फडात आल्यानेच शाहीर होत असे.

फड हाच कर्ता

'होनाजी बाळा' या नावाचा या दृष्टीने विचार करता येईल. सर्वसामान्य वाचक ते एका माणसाचे नाव समजतो. व्ही. शांताराम यांच्या १९५१ च्या 'अमर भूपाळी' चित्रपटानेही होनाजीच्या एकट्याच्या जीवनावर प्रकाश टाकला. प्रत्यक्षात होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर ही दोन माणसे आहेत. होनाजी रची आणि बाळा गाई. लोकांनी या दोघांना एका नावात ओवले, कारण लोकांपुढे येत होता तो फड. रचणारा वेगळा आणि गाणारा वेगळा, हे विभाजन त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे नव्हते. प्रभाकराचेही असेच. त्याची कवने गंगू हैबतीच्या फडातून गाइली जात. मग ती कवने कोणाची? छापील संग्रहात ती प्रभाकराची आहेत. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने ती फडाचीही होती.

फडाची रचना ध्यानात घेतली तर हे अधिक स्पष्ट होते. पुढे उभा राहून म्हणणारा शाहीर, त्याचे शब्द उचलून लांबवणारे सुरत्ये किंवा झीलकरी, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, मंजिरीवाला, नाच्या, सोंगाड्या. झील ही शोभेची गोष्ट नव्हे. झीलकऱ्यांनी ओळीचा शेवट धरून ठेवलेला असतो तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ आठवतो, किंवा सवाल-जवाबात जागच्या जागी रचतो. संघाशिवाय बार्डचे सामर्थ्य निष्फळ ठरते हा खेळातील नियम येथे अक्षरशः खरा आहे. झील काढून घ्या, शाहिराची ओळ अर्ध्यावर तुटेल.

मुद्रणाने नेमके हेच केले. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, य. न. केळकर यांनी १९२८ पासून 'ऐतिहासिक पोवाडे' संपादित केले. या संपादकांचे ऋण मोठे आहे. त्यांनी हे काम केले नसते तर बहुतेक सामग्री नष्ट झाली असती. पण छापील पानाला एक कर्ता हवा असतो. फडाच्या तोंडून निघालेले कवन संग्रहात आले तेव्हा त्याच्या माथ्यावर एका माणसाचे नाव आले आणि झीलकरी, ढोलकीवाले, नाचे हे सारे पानाबाहेर राहिले. मग विद्यापीठीय अभ्यासक्रमात 'पंडित कवी, संत कवी, शाहीर कवी' अशी त्रयी बसवण्यात आली आणि शाहीर हा मोरोपंतांच्या शेजारी बसवता येईल असा एकटा कवी झाला. म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) सारख्या ग्रंथाने लावणीच्या स्वरूपाचा मूलगामी विचार केला, तरी वर्गात शिकवताना आजही कवीचा जीवनपट, मग भाषाशैली, मग शृंगाररस हाच क्रम चालू आहे. फड हा तळटीपेचा विषय राहिला.

वंश आणि वर्ग

अनंत फंदी (१७४४–१८१९) संगमनेरचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. मूळ आडनाव घोलप. 'फंदी' हे नाव त्याला मलिक फंदी या मुसलमान मित्राच्या संगतीमुळे पडले असे परंपरा सांगते. म्हणजे त्याचे कुलनाम मागे पडून संगतीचे नाव रूढ झाले. एखाद्या खेळाडूने आपल्या नावापुढे गिल्डचे नाव लावावे तसा हा प्रकार आहे. फरक असा की येथे ते नाव अडीचशे वर्षे टिकले आणि मुलगाही सवाई फंदी म्हणूनच ओळखला गेला.

याच फंदीविषयी दुसरी आख्यायिका प्रसिद्ध आहे. अहिल्याबाई होळकर यांनी त्याला बोल लावला की ब्राह्मण असून तमाशा करणे शोभत नाही; त्याने तिथेच डफ फोडला आणि तो कीर्तनकार झाला. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मस्थान, आणि २०२४ मध्ये जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले. त्यामुळे आख्यायिकेतील दोन्ही व्यक्ती आता एकाच नकाशावर आहेत. ही कथा बहुधा फंदीच्या उपरतीची म्हणून सांगितली जाते. तिचे दुसरेही वाचन शक्य आहे. फंदीला वर्ग बदलता आला. डफ टाकून वीणा घेण्याची वाट त्याला मोकळी होती, कारण कीर्तनकार होण्यास लागणारा वंश त्याच्यापाशी होता. सोलापूरच्या राम जोश्याबद्दलही असेच सांगतात. घरातून बाहेर पडून तो तमाशात रमला, पुढे पंढरपुरी जाऊन त्याने विद्या मिळवली, आणि उत्तरायुष्यात तो कीर्तनाकडे वळला. सगनभाऊविषयी अशी कथा सांगितली जात नाही. त्याला डफ फोडून कुठे जाता आले असते? शिकलगाराच्या सहाणेकडे. तिथून तर तो आला होता.

विसाव्या शतकात हाच प्रश्न पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि पवळा यांच्या रूपाने अधिक उघडा झाला. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तरुण तमाशात आला तेव्हा घर आणि गाव त्याला दुरावले. ही किंमत खरी होती, ती कमी लेखण्याचे कारण नाही. त्याच्या फडात उभी राहणारी पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगावची, महार समाजात जन्मलेली. मराठी चरित्रलेखनात बापूरावाचा त्याग हा कथेचा केंद्रबिंदू होतो आणि पवळा ही त्या त्यागाचे निमित्त. शर्मिला रेगे यांनी २००२ मध्ये लावणी-पोवाड्यावरील निबंधात, आणि शैलजा पाईक यांनी २०२२ च्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या ग्रंथात, तमाशाचा विचार जात आणि लिंगभाव यांच्या अंगाने केला, त्याला या पार्श्वभूमीवर महत्त्व आहे. बापूरावाने जे सोडले ते पवळाकडे कधी नव्हतेच. त्यामुळे तिच्या बाबतीत 'त्याग' हा शब्द वापरायला जागाच उरत नाही. एकाच्या चरित्रात क्रियापदे आहेत, दुसरीच्या चरित्रात विशेषणे. सौंदर्य, आवाज, अदा. समीक्षेने आपल्याच वाक्यांची ही घडण एकदा न्याहाळावी.

वंशाची अट झुगारून वर्ग निवडणारा एक कवी श्रीगोंद्यातही होऊन गेला. तो शाहीर नव्हता, पण या चर्चेत त्याला टाळता येत नाही. शेख महंमद जन्माने मुसलमान. चांद बोधले त्याचे गुरू. 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ त्याने १६४५ मध्ये मराठीत पूर्ण केला. गुरूमुळे पंथ ठरतो हा नियम येथेही दिसतो, मात्र गुरूच असा की त्याला कोणत्या एका पंथात बसवावे हे सांगणे कठीण. सूफी आणि वारकरी या दोन्ही परंपरा शेख महंमदावर हक्क सांगतात. श्रीगोंद्यातील त्याच्या समाधीस्थानाला मंदिर म्हणावे की दर्गा, यावरून अलीकडे वाद झाले. ज्याने जिवंतपणी ही एकच खूण करण्याचे नाकारले, त्याच्या वतीने ती खूण करून टाकण्याची घाई पुढील पिढ्यांना झालेली दिसते. या वादाचा निवाडा करणे हे साहित्यसमीक्षेचे काम नाही. 'योगसंग्राम' वाचणारे किती आणि वाद घालणारे किती, एवढे विचारणे मात्र तिच्या अधिकारात येते.

फड सोडण्याची किंमत

विचारासाठी फड निवडणारे शाहीरही महाराष्ट्राने पाहिले. सत्यशोधकी जलसा, आंबेडकरी जलसा, आणि १९४० नंतरच्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक ही त्याची ठळक उदाहरणे होत. येथे पक्ष ही केवळ भूमिका उरली नाही; ती श्रद्धा झाली. अण्णाभाऊंनी लोकनाट्यातील गणाचा आशय बदलला तो यातूनच. त्यावर बरेच लिहिले गेले असल्याने येथे विस्तार करीत नाही. एवढेच म्हणता येईल की कलगी-तुऱ्यातील समोरच्या पक्षाचा सन्मान या नव्या फडांत स्वाभाविकपणेच उरला नाही, कारण समोर आता दुसरा शाहीर नव्हता, गिरणीमालक होता.

ढोलकीफडाचा तमाशा मात्र वेगळ्याच बंधनाने बांधलेला आहे. योहान हुइझिंगा याने १९३८ च्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाची पहिली खूण म्हणून स्वेच्छा सांगितली. आज्ञेने केलेला खेळ हा खेळ नव्हे. ऑनलाइन गिल्ड या अर्थाने खेळच आहे. पटले नाही तर एक कळ दाबून बाहेर पडता येते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी गिल्ड सापडते. उपयुक्त बार्ड असेल तर लगेच सापडते. तमाशाच्या फडात प्रवेश होतो तो उचल घेऊन. हंगामापूर्वी फडमालक कलावंताला आगाऊ रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत कलावंत त्या फडाला बांधलेला राहतो. श्रीगोंदा परिसरात हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या टोळ्या याच शब्दावर कारखान्यावर येतात. कला आणि ऊसतोड यांना जोडणारा हा शब्द समीक्षेच्या परिभाषेत अजून आलेला नाही. 'निष्ठा', 'परंपरा', 'फडाशी असलेले नाते' असे शब्द आले आहेत. त्यांतील काही निष्ठा खरी असेलही. ती किती आणि उचल किती, हे वेगळे केल्याशिवाय विधान करणे योग्य नव्हे. फडमालकाची बाजूही विचारात घ्यावी लागते. तोही बहुधा कर्ज काढूनच उचल वाटतो, आणि गावोगावच्या यात्रा समित्यांच्या सुपाऱ्यांवर त्याचा हिशेब उभा असतो. या सुपाऱ्या ठरतात नारायणगावात. गुढीपाडव्याच्या आगेमागे तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी येऊन आपल्या जत्रेची तारीख पक्की करतात. त्याच नारायणगावच्या विठाबाई (१९३५–२००२) तिसऱ्या पिढीच्या कलावंत. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून फड घरातच होता. त्यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांच्या नावाने आज राज्य शासन पुरस्कार देते. त्यांनी तमाशा निवडला असे म्हणणे मात्र भाषेचा गैरवापर ठरेल.

कांताबाई सातारकर यांचे उदाहरण या चर्चेत म्हणूनच वेगळे ठरते. त्यांचा जन्म १९३९ चा, दगडखाणीत मजुरी करणाऱ्या कुटुंबातला. तमाशाचा वारसा घरात नव्हता. त्या तुकाराम खेडकर यांच्या फडात आल्या; १९६४ मध्ये खेडकरांचे निधन झाले, आणि पुढे कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला, जो त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांनी पुढे चालवला. ज्या तमाशात बहुतेक स्त्रिया जन्माने आल्या त्यात ही एक स्त्री वाटचाल करीत आली, आणि नुसती फडात राहिली नाही तर फडाची मालकीण झाली. निवड हा शब्द जिच्याविषयी खऱ्या अर्थाने वापरता येईल अशी ही स्त्री, परंतु शाहिरीच्या अभ्यासक्रमात तिचे नाव सहसा आढळत नाही. तिथे अजून अनंत फंदीचा डफ फुटतो आहे. कांताबाईंचे निधन मे २०२१ मध्ये संगमनेर येथे झाले.

त्याआधीच्या वर्षी, २५ मार्च २०२० रोजी, गुढीपाडवा होता आणि देशभरातील टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. राहुट्यांत ठरलेल्या तारखा रद्द झाल्या, चैत्र-वैशाखातील जत्रा भरल्या नाहीत. हंगामाची उचल वाटून झालेली होती. ती फिटण्यासाठी जे खेळ व्हायला हवे होते, ते झालेच नाहीत.